कै. दत्तारामाचा निर्दोष गुडघा

स्वस्ति श्री. शोकसभांचे चिरंतन अध्यक्ष, वाचनालयाचे आजीव कार्यवाह, आळीच्या गणेशोत्सवाचे निवृत्त परंतु निरुपायास्तव पुनर्नियुक्त कोषाध्यक्ष, परमादरणीय भाऊसाहेब. व्यासपीठावर विराजमान भूतपूर्व, विद्यमान आणि भावी पदाधिकारी. सतरंजीवर आसनस्थ आम्रबागाईतदार, नौकास्वामी, मत्स्यविक्रेते, लिपिकवर्ग आणि शिक्षकवृंद. खिडकीचे गज धरून बाहेर तिष्ठणारे बहिर्मंडल. आणि ज्यांच्या निमित्ताने आपण येथे जमलो ते आम्रकुलभूषण, तृणशय्याविशारद, पेटीबंधनाचार्य, पंगतीतील वायुवेग वाढपी, द्विवर्षीय-खंजव्रत-परिपालक कैलासवासी श्रीमान दत्ताराम. म्हणजे आपला दत्तू.

दत्तूने हे ऐकले असते तर म्हणाला असता, "मास्तर, एवढ्यात माझी एक पेटी भरून झाली असती."

खंज म्हणजे लंगडा. शब्द अवघड वाटला असेल तर थोडा धीर धरा. तो समजावून देण्यासाठीच मी उभा आहे.

मंडळी, बोलणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. ज्यांना संस्कृत नको असते त्यांना ते पाजण्यात माझी हयात गेली. सत्कार, निरोपसमारंभ, मंगलाष्टके, सर्वत्र मला आमंत्रण असते, कारण मी लोकांना हसवतो असा माझ्याविषयी प्रवाद आहे. आज मात्र घसा कोरडा पडला आहे. दुःखाने पडला असता तर पाणी प्यायलो असतो. हा संतापाने पडला आहे, आणि संतापावर पाणी चालत नाही. आत येताना भाऊसाहेबांनी माझा दंड धरून सांगितले, "मास्तर, आज जरा सांभाळून. घरची माणसं समोर बसलीत." भाऊसाहेब, ती समोर बसली आहेत म्हणूनच बोलतो आहे. मागे बसली असती तर तोंड फिरवून बोललो असतो.

दाराबाहेर फळा आहे. अक्षर सुवाच्य आहे. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' ज्याने लिहिले त्याचा दोष नाही. तो शब्द आपल्या सर्वांच्या हातात बसलेला आहे. खडू उचलला की आपोआप उमटतो. पण मी त्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि आत येईना. अल्पसा? दत्तूच्या आजोबांना हाच आजार होता. वडिलांना हाच होता. ते चाळिशी पाहू शकले नाहीत. मालगुंडला दिलेली आत्या, तिलाही हाच. आणि आता दत्तू, वय वर्षे एकोणचाळीस. तीन पिढ्या एकाच घरातली माणसे वेचून नेणारा आजार जर अल्पसा, तर दीर्घ आजार कोणत्या पदार्थास म्हणतात ते अध्यक्षांनी समारोपात विशद करावे.

त्या आजाराचे घरातले नाव काय होते? मूळव्याध. आजोबांना मूळव्याध. वडिलांना मूळव्याध. आत्याला मूळव्याध. रक्त पडले की सुरण खा, ताक प्या, तिखट सोडा. माणूस गेला की म्हणायचे, "मूळव्याधीने घात केलान हो." मी व्यवसायाने वैयाकरण, त्यामुळे या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. मूळचा शब्द व्याधि. शेवटचा इकार आपण आळसाने गाळला. आणि तो गाळला की संस्कृतात उरतो व्याध. व्याध म्हणजे पारधी. मुळावर नेम धरून बसलेला पारधी. तीन पिढ्या तो त्या घराच्या मागील दारी बसून होता, आणि घरचे त्याला ताक पाजत होते.

दत्तू हा त्या घराण्यातला पहिला पुरुष, ज्याला वाटले की हा कोण बसला आहे ते एकदा पाहून तरी यावे.

रक्त दिसू लागले तेव्हा त्याने कोणाला सांगितले नाही. आंब्याचा भाव पाहून येतो असे घरी म्हणून तो मुंबईस गेला आणि एका मोठ्या रुग्णालयात आतड्यांच्या डॉक्टरांसमोर बसला. त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिले. आतड्याला आतून मोड आले होते. एक नव्हे, दहा नव्हेत. दत्तूच्या शब्दांत सांगायचे तर, भिजत घातलेल्या मटकीसारखे. आपले वैद्यही मूळव्याधीच्या कोंबाला मोडच म्हणतात. शब्द तोच, वस्तू निराळी. मूळव्याधीचा मोड ठणकतो, माणसाला खुर्चीत बसू देत नाही, पण जिवंत ठेवतो. हा मोड ठणकत नाही. हा सभ्य गृहस्थासारखा गप्प बसतो, आणि एके दिवशी त्यातल्या एखाद्याचा कर्करोग होतो. डॉक्टरांनी 'होऊ शकेल' असे म्हटले नाही. 'होतो' म्हटले, आणि बहुधा चाळिशीच्या आसपास. हे बीजातून येते, असेही सांगितले. आईबापांपैकी एकाला असले तर प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता अर्धी.

दत्तूने उपाय विचारला. उपाय होता. मंडळी, हे दोन शब्द नीट ऐका, कारण माझा सगळा राग या दोन शब्दांवर उभा आहे. उपाय होता. मोठे आतडे वेळेवर काढून टाकायचे. ऐकायला भयंकर वाटते. पण माणूस त्यानंतर जगतो, जेवतो, पोरांवर ओरडतो, आंब्याच्या पेट्या भरतो.

आणि दत्तूला तारीख ठरवायला अवधी हवा होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला एक गोळी दिली. दाहशामक. संधिवातवाल्यांसाठी निघालेली. परदेशी कोणाच्या तरी ध्यानात आले होते की ही गोळी घेणाऱ्या काही रोग्यांच्या आतड्यातले असले मोड आक्रसतात. नवी गोष्ट होती. थोड्याच रोग्यांवर पाहिलेली. किती दिवस गुण येतो, कोणाला येतो, कर्करोग खरोखर टळतो का, याची खात्री कोणीच देत नव्हते. डॉक्टरांनीही दिली नाही. दर सहा महिन्यांनी येऊन दुर्बीण घालून घ्यायची, अशी अट घातली. आणि निघताना सांगितले, "ही मुदत आहे, माफी नव्हे." हे वाक्य दत्तूने मला जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्याला ते पाठ होते. माझ्या वर्गात त्याला एक सुभाषित कधी पाठ झाले नाही; हे झाले.

गोळी लागू पडली. हे मला ठणकावून सांगायचे आहे. सहा महिन्यांनी पाहिले तर मोड कमी, आणि उरलेले लहान. रक्त थांबले. डॉक्टर खूश झाले, आणि खुशीतच म्हणाले की आता शांतपणे आतडे काढून टाकू. यापेक्षा चांगली वेळ कोणत्या माणसाला मिळते? व्याधाने धनुष्य खाली ठेवले होते. पळून जायला वाट मोकळी होती.

मग तो पळाला का नाही?

समोर पहिल्या रांगेत आप्पा बसले आहेत. दत्तूचे चुलते. वडील गेले तेव्हा दत्तू पोरसवदा होता. आप्पांनी त्याला आणि कुसुमला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, पदरात घेतले, शिकवले, बाग राखून ठेवली. आप्पा दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर माझे काम फार सोपे होते. दोन श्लोकांत आटोपले असते.

दत्तूने मुंबईहून येऊन आप्पांना सगळे सांगितले. मोड, आतडे, बीज, अर्धी शक्यता. आप्पांनी उठून आधी दार लावले, मग खिडकी लावली, आणि म्हणाले, "हळू बोल."

हळू बोल. मंडळी, हे आपल्या बाजूचे आद्य सूत्र. त्यावर भाष्य नको, टीका नको, जन्मतःच समजते. वेड असेल, हळू बोल. कोड असेल, हळू बोल. पोटात काही असेल, हळू बोल. कारण तेव्हा कुसुमचे लग्न पूर्णगडच्या घराशी जुळत होते. घराण्यात पिढीजात रोग आहे असा ब्र निघाला असता, तर ते स्थळ गेले असते आणि मागोमाग सगळी स्थळे गेली असती. म्हणून ठरले की आतडे लग्नानंतर. तोवर गोळी. गोळीमुळे रक्त थांबले आहे ना? मग घाई कशाला?

डॉक्टरांनी दिलेली मुदत दत्तूची होती. ती त्याच्याकडून काढून घेतली आणि घराण्याच्या अब्रूला दिली.

आता मुख्य प्रकरण. गोळीची बाटली घरात राहणार. येणारा-जाणारा पाहणार. औषधाच्या दुकानात चार माणसे पाहणार. दत्तू रोज कसली गोळी घेतो? दुकानदाराला विचारले तर तो सांगणार, सांधेदुखीची. आप्पांची प्रज्ञा येथे उजळली. त्यांनी घोषित केले की दत्तूचा गुडघा धरला आहे.

आणि दत्तू लंगडू लागला.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. ज्याचे दोन्ही गुडघे देवाने घडवल्यापासून निष्कलंक, जो कलमावर खारीसारखा चढत असे, तो मनुष्य सुमारे दोन वर्षे या रत्नागिरीच्या रस्त्यांवर लंगडत हिंडला. आपण सर्वांनी पाहिले. आपण सर्वांनी उपचार सुचवले. कोणी निर्गुडीचा पाला दिला, कोणी शेक सांगितला, कोणी घरी येऊन अस्वलाच्या चरबीविषयी व्याख्यान दिले. मी स्वतः त्याला एक काठी भेट दिली, वर दोन ओळींचे स्वरचित संस्कृत वृत्त कोरून. त्याने ती डोळ्यांत पाणी आणून स्वीकारली. मला वाटले, वृत्त आवडले.

खरे वृत्त मला गेल्या महिन्यात कळले. दत्तू अंथरुणाला खिळला होता. पोट फुगलेले, हातपायांच्या काड्या. शारदावहिनी उशाशी बसलेल्या. तो मला सगळे सांगत होता, आणि या भागाला आला तेव्हा नवराबायको दोघेही हसू लागले. रोज सकाळी घरातून निघताना तो विचारायचा, "शारदे, काल कुठला होता गो?" आणि वहिनी चुलीपुढून सांगायच्या, "डावा. आणि वळणापर्यंत नीट जा. वळणावर सुरू करा." एकदा म्हणे त्यांचाही घोटाळा झाला आणि आठवडाभर तो उजव्याने लंगडला. कोणाच्या लक्षात आले? कोणाच्याही नाही. आपल्याला शेजाऱ्याचे सगळे काही ठाऊक असते, मंडळी. फक्त कोणता पाय ते ठाऊक नसते.

मग कुसुमचे लग्न झाले. आपण सगळे जेवून आलो. दत्तूच्या हातात वाढपाचे पातेले आले आणि दत्तू गुडघा विसरला. बहिणीचे लग्न. तो पंगतीतून असा धावत होता की मठ्ठा द्रोणात पडण्यापूर्वी तो पुढच्या पानाशी पोचलेला असे. वरपक्षाकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी सहज म्हटले, "यांचा पाय चांगलाच सुधारलेला दिसतो." आप्पा शेजारीच होते. आप्पा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "तर काय. आमच्या वैद्याने तेल दिलान, पाय नवा केलान."

झाले. पाय अधिकृतरीत्या बरा झाला. वरपक्षाने त्या तेलाची मागणी केली; नसलेल्या वैद्याच्या नसलेल्या तेलाच्या बाटल्या पूर्णगडला पोचत्या झाल्या. घरचे खोबरेल, थोडा कापूर. त्यांना गुणही आला म्हणतात. आणि लग्नाची धामधूम संपल्यावर आप्पांनी दत्तूला सांगितले की आता ती गोळी बंद. पाय बरा झालेल्या माणसाने औषधाच्या दुकानात सांधेदुखीची गोळी कशासाठी मागायची? लोक विचारतील. पूर्णगडपर्यंत जाईल.

दत्तू म्हणाला, "आप्पा, ती गोळी पायाची नाही हो."

आप्पा म्हणाले, "हळू बोल."

मंडळी, मी आयुष्यभर हास्यरसाची सेवा केली. पण याहून विनोदी संवाद मी ऐकलेला नाही, आणि याहून अमंगळ संवादही नाही. रोग खरा होता, तो लपवायला गुडघा खोटा केला. मग खोटा गुडघा खोट्या तेलाने बरा केला. आणि खोटा गुडघा बरा झाला म्हणून खऱ्या रोगाची गोळी बंद केली. तर्कशास्त्रात असे अनुमान कोणी विद्यार्थ्याने मांडले तर मी त्याला बाकावर उभा करतो. आपण मात्र त्यावर एक संसार चालवला.

आणि दत्तूवरही माझा राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये असे शास्त्र आहे. ते शास्त्र मला मान्य नाही. तू एकटा मुंबईस जाऊन दुर्बिणीखाली आडवा झालास, आणि आपल्या घरच्या ओटीवर उभा राहून मोठ्याने बोलू शकला नाहीस? लग्न झाले, मग म्हणालास कुसुम सासरी रुळू दे. मग मोहोर आला. मग आंबा उतरू लागला, आणि आंबा उतरत असताना बागाईतदार स्वतःच्या तिरडीवरही चढत नाही. मग पाऊस. मग पुन्हा मोहोर. दुर्बिणीची वेळ एकदा चुकली, दोनदा चुकली, मग वेळ उरलीच नाही. पुन्हा रक्त दिसले तेव्हा घरात पुन्हा सुरण शिजले. शेवटी वहिनींनी कोणाला न विचारता त्याला एस.टी.त घातले. डॉक्टरांनी पोट उघडले, पाहिले आणि मिटले. यकृतापर्यंत गेले होते.

मी ट्रंक कॉल लावून त्या डॉक्टरांशी बोललो. विचारले की गोळी चालू ठेवली असती तर वाचला असता का. त्यांनी होय म्हटले नाही. म्हणाले, सांगता येत नाही. गोळीच्या भरवशावर त्याला ठेवायचा माझा विचारच नव्हता. पण तो दर सहा महिन्यांनी येत राहिला असता तर मला वेळेवर दिसले असते, आणि आतडे काढले असते तर आज तुमच्याशी तोच बोलत असता.   मग फोनवर नुसती खरखर येत राहिली.

आणि आपण फळ्यावर काय लिहिले? अल्पशा आजाराने. आणि आत्ता माझ्या आधीच्या वक्त्यांनी काय म्हटले? ईश्वरेच्छा बलीयसी. ईश्वराची इच्छा याहून स्पष्ट कोणत्या भाषेत व्हायला हवी होती? त्याने रक्त दाखवले. डॉक्टर दाखवला. जगात दुसऱ्या टोकाला कोणाला तरी सुचलेली गोळी या रत्नागिरीत, दत्तूच्या देवघराशेजारच्या फडताळात आणून ठेवली. याउपर ईश्वराने काय स्वतः येऊन झाकण उघडून द्यायचे?

आप्पा, बसा. उठू नका. जायचेच असेल तर माझी हरकत नाही, पण दाराशी चपलांचा ढीग आहे, तुमच्या सापडायला वेळ लागेल. तेवढ्यात माझे बोलणे संपेल आणि तुम्हाला ते उभ्याने ऐकावे लागेल. त्यापेक्षा बसून ऐका.

दत्तूसाठी आता मला काही मागायचे नाही. दत्तूची एक मुलगी आहे. सुमन. पंधरा वर्षांची. ती या सभेत आहे, आणि तिच्याविषयी बोलण्याची परवानगी मी तिची आणि तिच्या आईची, दोघींची घेतली आहे.

दत्तू मला शेवटी म्हणाला होता, "मास्तर, आम्ही कलम नव्हे हो, रायवळ. कलमाचं फळ एकजात सारखं. बाठीतून उगवलं ते कसं निघेल कोणी सांगावं. माझ्या पोरीत नसेलही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?" मग म्हणाला, माझ्या शोकसभेत तुम्ही बोलणारच; तेव्हा मोठ्याने बोला. मी म्हटले, अजून तुझी शोकसभा कशाला. तो म्हणाला, तुम्ही भाषणाची संधी सोडाल असं मला वाटत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी घरात विषय काढला की सुमनला मुंबईस नेऊन पाहून घेऊ. डॉक्टर म्हणतात याच वयात पाहायला हवे. काही नसेल तर उत्तमच, आणि असेल तर शस्त्रक्रियेला भरपूर वेळ आहे, त्या गोळीचाही विचार करता येईल, या खेपेला अटींसकट. आप्पा म्हणाले, पोर अजून लहान आहे. दोन-तीन वर्षांत तिच्यासाठी पाहायला लागायचं. एकदा का दुर्बीण लावली असं झालं की कोण उंबरा चढेल? थोडं दमानं घ्या. मी तेथे होतो. सगळे खाली पाहत होते. सुमन दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने विचारले, अगदी साधेपणाने विचारले:

"आप्पाआजोबा, मग मी कुठल्या पायानं लंगडू?"

  आप्पा आत्ता माझ्या बोलण्यावर उठून जायला निघाले, पण त्या रात्री त्या प्रश्नापासून त्यांना उठता आले नव्हते. आणि मी त्यांना ओळखतो. त्या रात्रीपासून त्यांना अन्न जात नाही हेही मला ठाऊक आहे. आप्पा, तुम्ही दत्तूला वाढवलेत. तुमचा अधिकार मी नाकारत नाही. मी तुम्हाला या सभेत, या सगळ्यांच्या देखत, एकच विनंती करतो. या पोरीला हळू बोल म्हणू नका.

आणि कुसुम. कुसुम आज सकाळी माझ्या घरी आली. सोबत जावईबापूही आले होते. तिला हे सगळे भाऊ गेल्यानंतर कळले. ती म्हणाली, "माझ्या लग्नासाठी दादा लंगडला, हे मला विचारलं कोणी? मला विचारलं असतं तर मी बिनलग्नाची राहिले असते." मग म्हणाली की सभेत माझेही नाव घ्या, मी स्वतः उभी राहिले तर रडेन. तीही तपासून घेणार आहे. जावईबापूंनी आपल्या घरच्यांना काल सांगून टाकले. काय झाले म्हणून मी विचारले. ते म्हणाले, आई म्हणाली, सुनेला घेऊन जा, आणि त्या तेलाचं काय ते आता मला खरं सांग. मंडळी, ज्या घराला भिऊन दत्तूचा जीव गेला, ते घर हे होते. असे घर होते. त्यांना एकदा विचारायचे राहिले.

मला दम लागला आहे. आवरते घेतो.

या शहरात आणि आसपासच्या गावांत आणखीही अशी घरे असतील, जिथे बाप, काका, आत्या चाळिशीच्या आत 'मूळव्याधीने' गेले. तुम्हाला तुमचे घर ठाऊक आहे. मला सांगू नका, आप्पांना सांगू नका, डॉक्टरांना सांगा. आणि कृपा करून उद्या सकाळी औषधाच्या दुकानात त्या गोळीसाठी रांग लावू नका. मी तुम्हाला ओळखतो, तुम्ही लावाल. कोणी गुडघ्याला घेईल, कोणी पोटाला, कोणी शेजाऱ्याने घेतली म्हणून. ती गोळी जठर जाळते, रक्तस्राव करते, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली नसेल तर तिचा उपयोग दत्तूच्या गुडघ्यावरच्या तेलाइतकाच.

आता आपण उभे राहू. हे दयाघना, वगैरे माझ्याच्याने होणार नाही. दत्तू, तुला माझा शेवटचा नमस्कार. हा नमस्कार रागाने केलेला आहे. तू समजून घेशील. दोन मिनिटे स्तब्धता पाळू. या शहराला शांत राहण्याचा सराव दांडगा आहे, पण आजची शांतता लपवण्यासाठी नव्हे, एवढे ध्यानात असू द्या.

एक क्षण. स्तब्धतेपूर्वी एकच व्यावहारिक गोष्ट. सोमवारच्या मुंबई एस.टी.ची चार तिकिटे काढली आहेत. वहिनी, सुमन, कुसुम आणि प्रस्तुत वक्ता. चारही जागा अगदी शेवटच्या बाकावर आल्या आहेत, चाकाच्या मागे, आणि तिथली खिडकी मिटत नाही असे वाहकानेच सांगितले. पुढे जागा रिकाम्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्या. आरक्षणाच्या खिडकीतला गृहस्थ म्हणतो त्या आमदारांसाठी राखीव. या आगारातून सोमवारी किती आमदार मुंबईस जातात हे मी त्याला विचारले, तर त्याने जेवणाची सुट्टी म्हणून फळी लावून घेतली. घाटातून रात्रभर त्या बाकावर उडत जायचे, आणि सकाळी या दोघींना उपाशीपोटी दुर्बिणीला सामोरे जायचे. कोणाची आगारात ओळख असेल तर नंतर मला भेटावे. आत्ता नव्हे, भाऊसाहेब, आत्ता स्तब्धता. हो, तिसरी रांगही चालेल. पाचवीही चालेल. पण चाकावरची नको.